दोन पिवळ्या

ठिपकेबाईंनी धाकट्या जावेला कॉलेजात नोकरी लावून दिली तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं. उलट थोडं पुण्यच होतं, आणि ते त्या चारचौघांत बोलूनही दाखवत. माझ्या शब्दाला तिथे मान आहे म्हणून झालं हो, असं जिन्यात भेटेल त्याला त्यांनी महिनाभर तरी ऐकवलं. माणसाला पायावर धोंडा पाडून घ्यायचा असला की आधी तो असाच कौतुकाने उचलतो.

बाईंचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीबुकात होतं. बाकी जगाला त्या ठिपकेबाई. प्राणिशास्त्र विभागात सव्वीस वर्षं त्या किड्यांची चित्रं काढत होत्या, आणि तीही नुसत्या ठिपक्यांनी. रेघ नाही, रंग नाही, खोडरबर तर नाहीच. केसासारखी निब, काळी शाई आणि ठिपका. दाट ठिपके टाकले की सावली, विरळ टाकले की चकाकी. एका झुरळाला नऊ हजार ठिपके लागतात असं त्या सांगत. ऐकणाऱ्याने 'मोजलेत का?' विचारलं, की त्याच्याकडे झुरळाकडे पाहावं तसं पाहत.

त्यांची खोली बोळाच्या टोकाला होती. उत्तरेची खिडकी, तिरपं टेबल, स्टँडवर बसवलेलं भिंग आणि भिंतभर कप्पे. प्रत्येक कप्प्यात टाचणीला टोचलेले किडे ओळीने उभे. खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि तो बाईंच्या पदरालाही लागलेला असायचा. या खोलीत रोज सकाळी अकराला एक सोहळा होई. विभागाचे प्रमुख, ज्यांना पोरं मुंगीसर म्हणत, ते स्वतः हातात दोन कप घेऊन येत, एक बाईंपुढे ठेवत आणि दुसरा घेऊन समोर बसत. विभागात डॉक्टरेट झालेले पाच जण होते. त्यांतल्या एकाच्याही टेबलावर सरांनी कधी कप नेऊन ठेवला नव्हता. बाई हे कुणाला सांगत नसत. फक्त अकरा वाजता दार उघडं ठेवत.

मुंगीसरांनी जन्मभर मुंग्या अभ्यासल्या आणि आता, निवृत्तीला वर्ष उरलं असताना, त्यांचं एकुलतं एक पुस्तक छापायला निघालं होतं. बावीस चित्रं, बावीसही ठिपकेबाईंची. मुखपृष्ठावर सरांची लाडकी, उडी मारणारी मुंगी येणार होती, आणि तिच्याखाली चित्रकाराचं नाव. आतल्या चित्रांखाली नाव टाकायची पद्धत नव्हती. सव्वीस वर्षं बाईंचे ठिपके परदेशांतल्या अंकांतसुद्धा छापून आले होते, पण कुठेही बिननावाचे. मुखपृष्ठावर पहिल्यांदाच नाव लागायचं होतं. ते आपण किती मोठ्या अक्षरात काढायचं, याचे तीन नमुने बाईंच्या खणात तयार होते.

आता ही मुंगी म्हणजे साखरेच्या डब्यात सापडते ती नव्हे. ती बोटाच्या पेराला जरा कमी एवढी लांब, अंग तांबूस, पाय फिके. तोंडापुढे लांब, वरच्या अंगाला वळलेला आणि आतून दातेरी जबडा, जणू चिमटाच तोंडात धरून निघालेली सोनारीण. आणि डोळे! इतर मुंग्यांचे डोळे म्हणजे विसरून पडलेला ठिपका. हिचे मात्र डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर बसवलेले, टपोरे, चेहऱ्याचा निम्मा भाग व्यापणारे. बाईंकडे अशा सहा मुंग्या टाचणीवर होत्या, कुणीतरी कुठून तरी पाठवलेल्या. जिवंत मात्र सरांनी स्वतः हातात पत्र्याचा डबा घेऊन तीस वर्षं शोधली. कॉलेजच्या आवारात त्यांना ती कधी दिसली नव्हती.

ती दिसली धाकटीला.

धाकटी कॉलेजच्या रोपवाटिकेत कुंड्यांना पाणी घालायच्या कामावर होती. शाळा अर्धवट सुटलेली, बोलणं मोठ्याने, हसणं त्याहून मोठ्याने. दुसऱ्याच महिन्यात ती ओल्या हातांनी सरांच्या खोलीत शिरली आणि विचारती झाली की, सर, तुमच्या मुंग्यांना उड्या मारता येतात का हो, कारण नळाच्या चौथऱ्याखाली एक आहे, तिने माझ्यासमोर कोळ्यावर झेप घेतली. सर पायात एकच चप्पल घालून धावले असं शिपाई शपथेवर सांगतो. त्या दिवशी अकराचा चहा साडेबाराला आला, गार. पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. सर दोन कप घेऊन रोपवाटिकेकडे जाताना बाईंना उत्तरेच्या खिडकीतून दिसले.

इथून बाईंच्या पोटात दुखायला लागलं.

घरीही सुटका नव्हती. दोन भाऊ, दोन मजले. वर थोरला, चष्म्यांचं दुकान चालवणारा म्हणून चष्मेवाला, आणि ठिपकेबाई, खाली धाकटा आणि धाकटी. सासूबाई पंधरा दिवस वर आणि पंधरा दिवस खाली, म्हणजे बातम्यांची ने-आण चोख. खालचं बोलणं वर येई तेव्हा त्याला थोडी फोडणी बसलेली असे. धाकटी म्हणे आता दिवसातून तीन तास नळापाशीच बसते. सर म्हणे तिला 'माझे डोळे' म्हणतात. ऐकून बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबत आणि त्या हातातलं भांडं जरा जोरात ठेवत. भांडी आपटलेली ऐकून सासूबाई म्हणत, "एकीच्या हाताचं कौतुक, एकीच्या डोळ्यांचं कौतुक. माझ्या गुडघ्यांना कुणी विचारत नाही."

धाकटीचे डोळे मात्र खरोखर तसे होते, हे कबूल करायला हवं. तिने बियांच्या रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर मुंग्यांच्या वाटा काढून ठेवल्या होत्या, वाकड्यातिकड्या रेघांच्या. तिचं म्हणणं असं की या बाया रांग लावत नाहीत. एक जण खाऊ सापडला म्हणून घरी जाऊन दहा जणींना बोलावत नाही. प्रत्येक जण एकटी निघते, सकाळचं ऊन कोवळं असताना, आणि ऊन तापलं की घरी. एकटीच शिकार करायची, नांगी मारून लुळी करायची आणि एकटीने चिमट्यात धरून न्यायची. आणि प्रत्येकीची वाट आपापली, असं धाकटीने ठासून सांगितलं. एक रोज पाइपाकडे, एक रोज लिंबाच्या झाडाखाली, जशी कुणी आपल्या ठरल्या दुकानाला जावी. सरांना हेच फार आवडलं. पण पुस्तकात घालायचं तर नुसत्या पाकिटांवर भागणार नव्हतं. मुंग्या ओळखू यायला हव्या होत्या. म्हणजे प्रत्येकीच्या पाठीवर वेगळ्या रंगाचा ठिपका.

आणि एवढा बारीक ठिपका टाकणारा हात सगळ्या कॉलेजात एकच होता.

तेव्हा बाईंना बरं वाटलं. धाकटी मुंगी काचेच्या नळीत पकडून आणी. बाई नळी बर्फात ठेवत. गारठून मुंगी निपचित झाली की भिंगाखाली तिच्या पाठीवर एका केसाने पिवळा, पांढरा, निळा किंवा लाल रंग टेकवत. पिवळीच्या डाव्या मिशीचं टोक तुटलेलं होतं, तेही बाईंनी तेव्हाच पाहिलं. थोड्या वेळाने मुंगी जागी होई, डोकं वळवून बाईंकडे टक लावून पाही, आणि धाकटी तिला परत नळाशी सोडून येई. चार दिवसांत चार मुंग्या झाल्या. सव्वीस वर्षांत बाईंनी पहिल्यांदा जिवंत किड्याला हात लावला होता, पण ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. त्यांचं लक्ष सगळं आपल्या हाताकडे होतं.

बिघडलं ते पाचव्या दिवशी. मुखपृष्ठाचं चित्र तोवर पूर्ण झालं होतं. मुंगी झेपेच्या बेतात, मागचे दोन पाय टोळासारखे दुमडलेले, बाकीचे चार जमिनीवर टेकलेले. सात आठवड्यांचं काम. सर त्यावर वाकून वाहवा करत होते. तेवढ्यात धाकटी नळी घेऊन आत आली, सरांच्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "ताई, फार सुरेख. पण मधले पाय असे नसतात."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि त्या खोलीत टाचण्यांना तोटा नव्हता. बाईंनी शांतपणे विचारलं की मग कसे असतात. धाकटी म्हणाली की मधलेही दुमडतात, मागच्यांच्या बरोबर, दोन्ही जोड्या मिळून उडी घेतात. बाईंनी सांगितलं की टोळ मागच्या पायांनी उडतो, नाकतोडा मागच्या पायांनी उडतो, पिसू मागच्या पायांनी उडते. धाकटी म्हणाली, "असेल ताई. पण हिला त्यांनी विचारलं नाही."

सर हसले. बस, तेवढंच झालं. सर हसले, आणि हसता हसता म्हणाले की बाई, मी ठरवलंय, मुखपृष्ठाखाली दोघींची नावं टाकू. एकीने पाहिलं, एकीने काढलं. आणि पायांचं जरा एकदा जिवंत मुंगीवर ताडून घ्या.

सर गेले. धाकटीने नळी टेबलावर ठेवली, ही नवी आहे, हिला हिरवा लावा म्हणाली आणि पिवळीचा रंग फिका झालाय म्हणून दुसऱ्या नळीत तीही आणल्याचं सांगून कुंड्यांकडे पळाली. बाई एकट्या उरल्या. समोर बर्फात दोन नळ्या, शेजारी रंगांच्या बाटल्या. त्यांनी पिवळीवर पिवळा ठिपका ठळक केला. मग नवी मुंगी भिंगाखाली घेतली. हिरवी बाटली उघडली. बंद केली. आणि पिवळ्या बाटलीतला केस उचलून नव्या मुंगीच्या पाठीवर टेकवला.

ठिपका नेहमीसारखाच पडला, गोल आणि नेमका. बाईंचा हात मत्सरातही हलत नसे.

परिणाम आठवड्यात दिसला. धाकटीने दोन महिन्यांत उभं केलेलं आपापल्या वाटेचं शास्त्र पिवळीपाशी येऊन कोसळलं. सकाळी आठला पिवळी पाइपाकडे, नऊला पिवळी लिंबाखाली. सर स्वतः येऊन बसले आणि त्यांनीही तेच पाहिलं. दोन्ही पिवळ्या एकाच वेळी बाहेर असल्या तरी एक नळाच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला, आणि धाकटीला पाणी घालायला उठावंही लागे. दोघी समोरासमोर कुणाला दिसल्या नाहीत. हिरवीचं काय झालं असं धाकटीने विचारलं, तेव्हा मेली असेल, असं बाई निबवरून नजर न काढता म्हणाल्या. सरांनी वाटांचं प्रकरण पुस्तकातून काढून टाकलं. धाकटीला ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले की आपल्याला जे हवं असतं ते दिसतं, माझंही असंच व्हायचं तरुणपणी.

दुसऱ्या दिवशी अकराला दोन कप बाईंच्या टेबलावर आले. एकीने पाहिलं वगैरे भानगड सर आपोआप विसरले होते. चहा पिताना त्यांनी नावाचं अक्षर किती मोठं घेणार एवढंच विचारलं. बाईंनी तिन्ही नमुने काढून पुढे ठेवले. त्या दिवसाचा चहा त्यांना जन्मात प्यायलेल्या सगळ्या चहांहून गोड लागला, आणि जिन्यावरून घरी चढताना त्या गुणगुणत होत्या असं सासूबाईंनी नोंदवून ठेवलं.

जेवताना चष्मेवाला म्हणाला की आज धाकटी दुकानात आली होती. डोळे तपासून घ्यायला.

बाईंनी घास तोंडाजवळ नेला आणि तिथेच धरला.

चष्मेवाला हा जगाला दिसायला लावणारा आणि घरात काही न पाहण्याची शपथ घेतलेला माणूस. त्याने भाजी वाढून घेतली आणि निवांत सांगायला लागला. म्हणे धाकटीला भीती वाटतेय की आपले डोळे बिघडले. सगळे आकडे वाचून दाखवले तिने. शेवटच्या ओळीखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव असतं, जे मला भिंगाशिवाय दिसत नाही, तेही वाचलं. मी म्हटलं, अगं, असे डोळे मी तीस वर्षांत पाहिले नाहीत, तुला झालंय काय? तर रडायला लागली. म्हणाली, "भाऊजी, एकच मुंगी मला दोन तऱ्हांची दिसते. कधी तिची डावी मिशी तुटकी दिसते, कधी अख्खी. रंग ताईंनी लावलाय, तिथे चूक होणार नाही. म्हणजे माझेच डोळे."

चष्मेवाला पाणी प्यायला. थेंब दिलेत, साधेच, तिच्या समाधानासाठी, असं म्हणाला. आणि मग, ताटाकडे पाहत, "मुंगीला तुटलेली मिशी पुन्हा फुटते का गं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मला वाटलंच," असं म्हणून तो जेवायला लागला.

धाकटीने मुंग्यांकडे जाणं सोडलं. पाकिटांचा गठ्ठा तिने खताच्या खोलीत कुठेतरी ठेवून दिला आणि कुंड्या, झारी, कुंड्या असं खाली मान घालून काम करू लागली. खालच्या मजल्यावरचं हसणं बंद झालं. सासूबाईंचे ते खालचे पंधरा दिवस होते. त्या दोनदा वर येऊन म्हणून गेल्या की खाली अगदीच करमत नाही, भांडण नाही की काही नाही.

बाई जिंकल्या होत्या, आणि जिंकल्यावर काय करायचं असतं ते त्यांना कळेना. त्यांना धाकटीचा पुळका आला होता असं मुळीच नाही. उलट आता आणखीच जळफळाट होत होता, कारण छापणाऱ्याचं नाव वाचणारे डोळे खाली होते आणि त्या डोळ्यांनी आपल्या हातावर एवढा विश्वास ठेवला होता की त्यापायी स्वतःला आंधळं मानलं. हा मोठेपणा बाईंना सोसेना. शत्रूने निदान शत्रूसारखं तरी वागावं. शिवाय सरांनी पाय ताडून घ्यायला सांगितलेले तसेच राहिले होते, आणि चित्र दोन महिन्यांत छापखान्यात जायचं होतं. मधले पाय टेकलेलेच असतात हे एकदा जिवंत मुंगीवर पाहिलं की मन शांत होईल, असं बाईंनी स्वतःला पटवलं. धाकटी रोपवाटिकेच्या दुसऱ्या टोकाला असे ती वेळ साधून, सकाळी आठला, त्या स्टूल घेऊन नळापाशी गेल्या.

पहिल्या दिवशी त्यांना एकही मुंगी दिसली नाही. पाठीत कळ मात्र आली. दुसऱ्या दिवशी दिसली. बाई भिंग काढायला वाकल्या आणि मुंगी नाहीशी झाली. टाचणीवरचा किडा कसा, पाहावं तितका वेळ थांबतो. ही त्यांच्याआधी त्यांना पाही. बाईंनी नुसती मान हलवली तरी थबके, तो डोळ्यांचा चेहरा वर करून रोखून बघे, आणि मग पानाआड. सव्वीस वर्षं आपण यांच्याकडे पाहतोय असं बाईंना वाटत होतं. उलट पाहिलं गेल्यावर कसं वाटतं ते त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या अर्धा तास पापणीसुद्धा जपून हलवत बसल्या. चौथ्या दिवशी मुंगी त्यांच्या चपलेवरून चालत गेली आणि बाईंनी श्वास रोखून धरला.

सहाव्या दिवशी ऊन अजून कोवळं असताना लिंबाखाली दुसरी पिवळी आली, अख्ख्या मिशांची. बाईंची स्वतःची. सुकलेल्या पानावर एक रातकिड्याचं पोर बसलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. मुंगी दोन बोटांवर थांबली. अंग खाली घातलं. डोकं सरळ, चिमटा किंचित उघडा. आणि बाईंच्या डोळ्यांदेखत तिने मागचे पाय अंगाखाली ओढले आणि त्यांच्याबरोबर मधलेही. चारही पाय एकदम, जणू एकाच दोरीने ओढल्यासारखे. पुढचे दोन नुसते टेकवलेले.

मग ती तिथे नव्हती. मधलं काही दिसलंच नाही. एकदा इथे होती, एकदा तिथे, आणि तिथे रातकिडा चिमट्यात होता. पोट वाकवून तिने नांगी मारली, ते लुळं पडेपर्यंत थांबली आणि ओझं उचलून चालू लागली. इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही, कुणाला बोलावलं नाही. नळाकडे सरळ.

त्याच वेळी चौथऱ्याच्या अंगाने पहिली पिवळी, तुटक्या मिशीची, पाइपाकडून घरी येत होती. दोघी बिळाच्या तोंडाशी समोरासमोर आल्या, मिशांना मिशा लावल्या आणि एकीमागून एक आत गेल्या. पाठीवर एकाच हाताचे दोन ठिपके, तंतोतंत सारखे.

बाई बराच वेळ स्टुलावर बसून राहिल्या. सात आठवड्यांचं चित्र चुकलं होतं हे कळलं. त्याहून वाईट म्हणजे ते कुणाला कळणार नव्हतं. पायांचं खरं माहीत असलेली धाकटी आपले डोळे बिघडले म्हणून थेंब घालत होती. चित्र आहे तसं गेलं तर चालून गेलं असतं. आणि नवं, बरोबर काढलं, तर सर म्हणाले असते, बाई, काय नजर तुमची. नाव एकटीचं. तेही चाललं असतं. बाईंनी हा दुसरा विचार जिभेवर खडीसाखरेसारखा बराच वेळ घोळवला. पण जुनं चित्र एका चुकीपायी फाडायचं, आणि ती चूक दाखवणारीचं नाव गिळायचं, हे त्यांच्या हाताला पटेना. मन लबाड होतं त्यांचं. हात नव्हता. एकदा लबाडी केली होती त्या हाताने, आणि तो ठिपका आता रोज दोन वेळा बिळातून बाहेर येत होता.

त्यांनी दुसरी पिवळी नळीत पकडायला अख्खी सकाळ घालवली. दोनदा ती नळीच्या काठावरून वीतभर उडाली. बर्फात ठेवली, पाठीवरचा रंग टाचणीच्या टोकाने खरवडून काढला आणि हिरवा लावला. मग सरांकडे जाऊन त्यांनी सांगितलं की हिरव्या ऐवजी पिवळा मी लावला होता. चुकून म्हणायची तयारी करून त्या गेल्या होत्या, पण तोंडातून चुकून हा शब्द काही निघाला नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाटांचं प्रकरण पुस्तकात परत घ्यायला लागेल, एवढंच म्हणाले. त्या दिवशी चहा कुठल्याच टेबलावर आला नाही.

धाकटी सापडली ती खताच्या खोलीत, गोणी शिवताना. बाईंनी दारातच सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात, कुणाला तरी दुसऱ्याची चहाडी सांगावी तसं. धाकटीने सुई खाली ठेवली.

"मी तीन आठवडे डोळ्यांत थेंब घालतेय, ताई."

"माहीत आहे."

"झोंबतात ते."

धाकटीने बाईंकडे बरंच निरखून पाहिलं, ती मुंगी पाहायची तसंच, आणि विचारलं की पाय पाहिले का. पाहिले, बाई म्हणाल्या. कसे होते. तू म्हणालीस तसे. मग धाकटी उठली, हात झटकले आणि म्हणाली, "नाव माझं वर. तुमचं खाली. आणि नवं चित्र संपेपर्यंत रोज मी येऊन पाहणार."

बाईंचा तिळपापड झाला. पण त्यांनी मान हलवली.

पुढचे सात आठवडे धाकटी रोज अकराला त्यांच्या खोलीत आली. पुस्तक परत जुळवायचं म्हणून सरही येत, तीन कप घेऊन. तिसरा कप बिनकानाचा होता आणि तो कुणाच्या वाट्याला येतो यावरून दोघी जावांत रोज नजरानजर होई. धाकटी म्हणे, मान आणखी खाली. धाकटी म्हणे, चिमटा एवढा उघडत नाही. बाई ओठ आवळून ठिपके टाकत. दोनदा त्यांनी तिला खोलीबाहेर काढलं आणि दोनदा स्वतःच बोलावून आणलं. चित्र जसजसं उभं राहिलं, तसतसं त्यांना दिसू लागलं की आयुष्यात यापूर्वी आपण एकही जिवंत किडा काढलेला नाही. हे त्यांनी धाकटीला मरेपर्यंत सांगितलं नसतं.

शेवटच्या दिवशी नावं लिहायची राहिली. बाईंनी सगळ्यांना घालवून दिलं, दार लावलं आणि एका तासाने उघडलं. वर धाकटीचं नाव होतं, पुढे 'निरीक्षण'. खाली त्यांचं, पुढे 'चित्र'. धाकटीने हात पाठीमागे बांधले आणि वाकून पाहिलं. भिंगाकडे तिने बघितलंही नाही.

"ताई, तुमच्या नावाचे ठिपके दाट आहेत."

"खालचा कागद शाई जास्त पितो."

"वरचा का पीत नाही? कागद एकच आहे."

"अगं, केसभराचा फरक आहे. छापल्यावर कुणाला कळायचं नाही."

"मला कळलं ना," धाकटी म्हणाली आणि स्टूल ओढून टेबलाशी बसली.

बाईंनी शाईची बाटली पुन्हा उघडली, निब बुडवली, आणि जावेच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून, तिच्या डोळ्यांदेखत, एकेक ठिपका वाढवत निघाल्या.